मदत हवी आहे: आबांचा खांदा, अप्पांची मालिश आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या

तापीकाठ:
नमस्कार मंडळी. चोपडा तालुक्यात आमची केळी आहे. वडील, म्हणजे आबा, पासष्टीच्या पुढचे. मजूर लावलेले असले तरी काढणीला आबा बांधावर बसून राहतील तर शपथ. वीस-पंचवीस किलोचा घड उजव्या खांद्यावर घेऊन ट्रॅक्टरपर्यंत आणणारच. यंदा काढणी उरकली आणि मान उजवीकडे वळेना. मागे बघायचं तर अख्खं अंग फिरवतात. मान आणि खांद्याच्या मधे सुपारीएवढी गाठ हाताला लागते. ती दाबली की कळ मानेतून वर कानशिलापर्यंत जाते. 'खांदा दुखी ऱ्हायना' हे सकाळ-संध्याकाळ सुरूच.

एक्स-रे काढला. मणक्यांची वयाप्रमाणे झीज आहे, काळजीचं काही नाही, फिजिओथेरपी करा असं डॉक्टर म्हणाले. त्यासाठी रोज एसटीने जळगाव गाठणं आबांना जमणारं नाही.

गावात एक अप्पा मालिश करतात. माणूस देवमाणूस, पैशाला हात लावत नाहीत. कोपर रोवून रगडतात, 'नस मोकळी करतो' म्हणतात. आबांना दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. परवा मात्र खांद्यावर तळहाताएवढा काळानिळा डाग उठला. अप्पा म्हणतात, खराब रक्त वर आलं, चांगलं लक्षण आहे.

आबांना शुगर आहे. अँजिओप्लास्टी झालेली आहे, रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या चालू आहेत. जोर लावल्याशिवाय गाठ सुटत नाही हे खरं का? घरी आम्हाला काय करता येईल? आणि अप्पा म्हणतात तसं गोळ्या चार दिवस थांबवून मालिश केली तर?

खापरावरचे_मांडे:
बाकी नंतर बोलू, आधी गोळ्या. अजिबात थांबवू नका! अँजिओप्लास्टीत स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी, बसवलेल्या माणसाने मनाने गोळी सोडली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन सरळ हार्ट अटॅक येऊ शकतो. मालिशीसाठी कोणी गोळ्या बंद करतं का?

फिजिओताई_धुळे:
वरच्या प्रतिसादाला दुजोरा. तो डाग म्हणजे कातडीखाली फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्या. 'खराब रक्त' वगैरे काही नसतं. या गोळ्यांवर असलेल्या माणसाला थोड्या दाबानेही असं होतं, कोपराने तर होणारच. डाग पूर्ण जाईपर्यंत त्या जागेला हात लावू नका. डाग पसरला, फुगला किंवा टणक झाला तर लगेच दाखवा.

आता गाठ. ती नस नव्हे. सतत ताणलेल्या स्नायूतला तो दुखरा, आवळलेला पट्टा असतो. आम्ही ट्रिगर पॉइंट म्हणतो. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल यांनी या दुखण्याचे नकाशेच काढून ठेवलेत. मानेपासून खांद्यावर उतरणाऱ्या स्नायूतली कळ कानशिलाकडे चढते हे त्यांत अगदी असंच सापडतं. म्हणजे आबांचं वर्णन जुळतंय, पण नक्की निदान हात लावून तपासल्यावरच.

जोराने गाठ 'फुटत' नाही. मालिशीने बरं वाटतं त्याचा बराचसा भाग मज्जासंस्थेचा आहे. स्पर्शाचे आणि दाबाचे संदेश मज्जारज्जूत दुखण्याच्या संदेशांना अडवतात. मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी 1965 मध्ये मांडलेली ही कल्पना. लागल्यावर आपण आपोआप ती जागा चोळतो, ते यामुळेच. शिवाय माणूस सैल पडतो आणि स्नायू आपली पकड सोडतो. सहन होत नसेल इतकं दाबलं तर आबा श्वास रोखून अंग आवळणार, मग सैल काय होणार? आणि हा आराम मुळात थोड्या काळाचा असतो. त्या वेळात मान हलवून घेतली नाही तर दोन दिवसांनी पुन्हा तेच, जे तुमच्याकडे होतंय.

दादा, आधी एवढं सांगा. आबांना सदऱ्याची बाही घालता येते का? हात पाठीमागे जातो का? शुगरवाल्यांचा खांदा आखडण्याचं प्रमाण जास्त असतं आणि ते निव्वळ मालिशीने सुटत नाही. हाताला मुंग्या, बोटांतला जोर कमी होणं, वस्तू हातातून पडणं? आणि सगळ्यात महत्त्वाचं, चालताना किंवा जिना चढताना खांदा दुखतो का, छातीत दडपण, घाम? तसं असेल तर मालिशीचा विषय बाजूला ठेवून थेट दवाखाना.

तालीमवाला:
आमच्या वस्तादांच्या हातचं रगडणं खाल्लेल्यांना विचारा! कुस्तीनंतर अंगातलं लॅक्टिक ॲसिड बाहेर काढायला मालिशच लागते.

फिजिओताई_धुळे:
लॅक्टिक ॲसिड मेहनतीनंतर तासाभरात शरीर आपलं आपण निस्तरतं, त्याला वस्ताद लागत नाही :) दुसऱ्या दिवशीच्या ठणक्याचं कारण वेगळं. आणि विशीतला पहिलवान आणि स्टेंटवाले आबा यांना एक माप लावू नका.

तापीकाठ:
ताई, खूप आभार. बाही घालतात, हात मागे नीट जातो. मुंग्या नाहीत, पकड घट्ट आहे, परवाच माझा हात दाबून दाखवला. चालताना काही होत नाही, मान वळवली की मगच कळ येते. घरी करायची पद्धत सांगाल का? आई करेल, तिचा हात हलका आहे.

फिजिओताई_धुळे:
मग स्नायूचंच असण्याची शक्यता जास्त. तरी हृदयाच्या डॉक्टरांना एक फोन करून 'हलकी मालिश चालेल ना' विचारा.

डाग गेल्यावर आबांना खुर्चीत बसवा, कपाळ टेबलावरच्या उशीवर टेकवा. गरम पाण्यात पिळलेला टॉवेल दहा मिनिटं, पण गरमपणा आईंनी स्वतःच्या कोपराने पाहायचा. शुगरमुळे आबांची जाणीव कमी झालेली असू शकते. थोडं तेल, तीळ किंवा शेंगदाणा, घरात असेल ते. तळहाताने मानेच्या मुळापासून खांद्याच्या टोकापर्यंत संथ हात फिरवायचा. मग खांद्यावरचा स्नायू बोटं आणि अंगठ्यात धरून हलकेच तिंबायचा. गाठीवर अंगठा टेकवून अर्धा मिनिट थांबायचं, फक्त टेकवून, रगडायचं नाही. आबांनी 'गोड दुखतंय' म्हणावं, ओठ चावू नये. शेवटी पुन्हा संथ हात. सगळं मिळून पंधरा मिनिटं पुरे.

गळ्याच्या पुढच्या बाजूला आणि थेट मणक्यावर दाब नाही. मानेचा झटका देऊन कडकन आवाज काढणं तर मुळीच नाही, तिथून मेंदूकडे रक्तवाहिन्या जातात.

हे झाल्याबरोबर मान सावकाश दोन्हीकडे वळवायची, दुखेल तिथे थांबायचं. खांदे वर उचलून सोडायचे. दिवसातून तीन-चारदा. फिजिओकडे निदान एकदा जाऊन व्यायाम शिकून या, रोज जायची गरज नाही.

आणि घड उचलणं बंद. हे तुम्हालाच सांगावं लागेल.

तापीकाठ:
तेच सगळ्यात अवघड आहे. अप्पांना 'नको' कसं म्हणायचं ते तरी सांगा, रोज सातला चपला वाजवत येतात.

खापरावरचे_मांडे:
डॉक्टरांचं नाव पुढे करा. चहा पाजा, गप्पा मारू द्या. अप्पांच्या हातात बशी राहील असं बघा.

तापीकाठ:
हा हा, करतो. हृदयाच्या डॉक्टरांना आजच फोन लावतो. सोमवारी जळगावला जाणार आहोत, शुगरची फाईल पण घेतो बरोबर.