मदत हवी आहे: कबड्डीपटू भावाच्या खांद्याचं लॅब्रम ऑपरेशन

नमस्कार. धाकटा भाऊ १९ वर्षांचा, जिल्हा पातळीवर चढाईपटू. उजवा खांदा सारखा निखळतो, आता तर झोपेत कूस बदलतानाही. एमआरआयमध्ये लॅब्रम (खांद्याच्या खोबणीभोवतीची कूर्चेची कड) पुढून फाटलेलं दिसलं. डॉक्टर दुर्बिणीतून अँकर (हाडात बसवून टाक्याचा दोरा धरणारे छोटे खिळे) घालून शिवायचं म्हणतात.

मला धास्ती आहे ती ऑपरेशननंतर खांदा पुन्हा निखळण्याची. बालग आणि ब्वालो यांनी हा धोका मोजायला २००७ साली मांडलेल्या गुणांकनात विशीपर्यंतच्या वयाचे २, स्पर्धात्मक खेळाचे २ आणि अंगाला भिडणाऱ्या खेळाचा १ गुण धरतात. म्हणजे भावाचे इथेच ५ झाले! एक्स-रेत दंडाच्या हाडावर खाच दिसली, तर आणखी २. सहाच्या वर गेल्यास नुसतं शिवण्याऐवजी हाडाचा तुकडा बसवणारं लाटार्जे ऑपरेशन त्यांनी सुचवलं आहे. इतक्या कोवळ्या वयात ते मोठं वाटतं, पण दोनदा ऑपरेशन नको.

खोबणीचं हाड किती झिजलंय हे मोजायला आधी सीटी स्कॅनचा आग्रह धरावा का? कबड्डी किंवा कुस्ती खेळणाऱ्या कुणाचं यातलं कोणतंही ऑपरेशन झालं असेल, तर पुन्हा मैदानात कधी उतरलात, फिजिओथेरपी किती काळ केली आणि हात वर नेऊन बाहेर फिरवताना भीती राहिली का, ते कृपया सांगा. तारीख ठरवण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांनाही दाखवणार आहोत.