व्हीबी डॉट नेटला सी शार्पच्या डीएलएलमधलं 'रेट' का कळत नाही?

सूतगाठ: मी सोलापूरचा, अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना. बिलाचा प्रोग्रॅम वडिलांच्या काळातला, व्हीबी डॉट नेटमधला. हिशेबाचा नवा भाग मी सी शार्प या दुसऱ्या भाषेत लिहून त्याची डीएलएल (दुसऱ्या प्रोग्रॅमला वापरता येणारी तयार फाइल) जोडली. नग, वजन बरोबर येतंय, पण 'आयटम डॉट रेट' लिहिलं की कंपायलर अडतो, नाव संदिग्ध आहे म्हणतो. सी शार्पमध्ये तेच बिनतक्रार चालतं. सगळं पुन्हा लिहायला घेऊ का? दिवाळीच्या ऑर्डरी तोंडावर आल्यात.

जुना_माग: काही पुन्हा लिहू नका. क्लासमध्ये लहान 'आर'चं पब्लिक फील्ड आणि मोठ्या 'आर'ची प्रॉपर्टी, असं दोन्ही आहे ना? सी शार्पला ती दोन नावं, व्हीबीला एकच, कारण व्हीबी लहान-मोठं अक्षर वेगळं मानत नाही. फील्ड प्रायव्हेट करा, काम झालं.

नग आणि वजन का जुळलं तेही सांगतो, कारण खरी गंमत तिथं आहे. मी ज्या कारखान्यात होतो तिथं मागावरचे तेलुगू बोलायचे, शिलाईतल्या बायका कन्नड, दिवाणजी मराठी. गठ्ठ्यावरच्या चिठ्ठीत '३० बाय ६०, नग १२०' एवढंच. तिघांनाही त्याचा अर्थ एकच, दुभाषा लागायचा नाही. व्हीबी आणि सी शार्प दोन्ही ज्यावर चालतात त्या डॉट नेटमध्ये ती चिठ्ठी म्हणजे कॉमन टाइप सिस्टिम, सगळ्या भाषांसाठी डेटाचे सामायिक प्रकार. पूर्णांकासाठी सी शार्पचा 'इंट' आणि व्हीबीचा 'इंटिजर' ही एकाच सिस्टिम डॉट इंट३२ ची दोन हाकेची नावं. मेमरीत तेच ४ बाइट, रूपांतर होतच नाही. डेसिमलचंही तसंच, म्हणून पैसे डेसिमलमध्येच ठेवा, डबलमध्ये नको.

सगळ्या भाषांना झेपेल तेवढंच बाहेर दाखवायचं, याचे नियम म्हणजे सीएलएस. असेंब्लीवर, म्हणजे तुमच्या डीएलएलवर, 'सीएलएसकम्प्लायंट' ट्रू लावा, असली नावं कंपायलरच वॉर्निंग देऊन दाखवेल.

बॉबिन: काकांचं बरोबर. एक भर घालतो: मूळ प्रोग्रॅम व्हीबी ६ चा असेल तर जपून. तिथं इंटिजर २ बाइटचा होता, ३२७६७ च्या पुढं जायचा नाही. जुन्या बायनरी फाइली वाचताना २ बाइटचा 'शॉर्ट' घ्या, नाहीतर आकडे सरकतील.

सूतगाठ: काका, फील्ड प्रायव्हेट केलं, लगेच बिल्ड झालं. वॉर्निंग एक आली, नगासाठी मी 'यूइंट' (उणे आकडे नसलेला इंट) घेतला होता त्याची. व्हीबीत तर तो चालतोय की?

जुना_माग: चालणार, व्हीबीत २००५ पासून यूइंटिजर आहे. पण सीएलएसमध्ये तो बसत नाही. साधा इंट करा, २१४ कोटींपर्यंत जातो. तेवढे टॉवेल विणून झाले की पुन्हा विचारा.