मदत हवी आहे: माडीवर नवीन राउटर लागत नाही, पहाटे साडेपाचला क्लास आहे

माडीवरची_तालीम (दांडिया बाजार, बडोदा), रात्री ८:४०
कोणीतरी लवकर सांगा. नवीन राउटर आणला, जोडला, पण दिवा नारिंगीच राहतोय. बरोबर आलेल्या कागदावर तीन चित्रं आहेत, तिन्हींप्रमाणे केलं. दोनदा रीसेटही केला. कागदावर पहिलीच पायरी आहे ‘ॲप डाउनलोड करा’, आणि दुसऱ्या बाजूला एक क्यूआर कोड. इंटरनेट लागत नाही म्हणून तर कागद वाचतेय! पहाटे साडेपाचला माझा गाण्याचा क्लास आहे, मुली न्यू जर्सीच्या, त्यांचे रात्रीचे आठ. गेल्या खेपेला भूप राग शिकवत होते. पंचमावरून गंधारावर सलग घसरत येणारी मींड त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही, नुसते दोन सुटे सूर ऐकू गेले. असं शिकवता येत नाही. पासवर्डसुद्धा चुकीचा सांगतोय, खाली छापलाय तोच टाकतेय.

मेश_घ्या_सुखी_व्हा, ८:४६
ताई, तो राउटर दुकानात परत द्या. दोन डब्यांचा मेश संच घ्या. एक खाली, एक वर, दहा मिनिटांत काम. माझ्या अलकापुरीच्या फ्लॅटमध्ये तीन वर्षं झाली, एकदाही हात लावावा लागला नाही.

तारवाला_काका, ८:५१
मेशचं नंतर बघू. आधी हे सांगा: घरात एकूण खोके किती? इंटरनेट कंपनीचा खोका कुठे आहे आणि तो चालतोय का? नव्या राउटरला वायर लावलीय का, लावली असेल तर कुठून आलीय आणि कोणत्या पोर्टमध्ये (वायर खोचायच्या भोकात) आहे? नारिंगी दिवा कशाचा, त्याच्यावर चित्र काय आहे? मॉडेल कोणतं?

माडीवरची_तालीम, ८:५८
राउटर म्हणजे राउटर, काका. दोन अँटेना आहेत, पांढरा आहे. खालचा चालतोय, तो चालत नसता तर इथे कसं लिहिलं असतं? दिव्यावर पृथ्वीच्या गोळ्याचं चित्र आहे.

चिवडा_आणि_चहा, ९:०२
प्लॅन किती वेगाचा आहे? आमच्याकडे ३० चा होता तेव्हा रोज अडकायचं. १०० चा घेतल्यापासून चांगलं चालतंय. वर्षाचे पैसे एकदम भरले तर स्वस्त पडतो.

तारवाला_काका, ९:०४
प्लॅनचा इथे संबंध नाही. गाण्याच्या क्लासला ३० एमबीपीएससुद्धा पुष्कळ झाले, तिथे वेगापेक्षा सलगपणा लागतो. ताई, राउटर उलटा करा. लेबलवर मॉडेलच्या पुढे ‘व्हर्जन’ किंवा नुसतं ‘व्ही’ आणि आकडा असेल, तोही लिहा. एकाच मॉडेलच्या चार-पाच आवृत्त्या निघतात, आतला मेनू वेगळा असतो आणि लोक दुसऱ्याच आवृत्तीचं मॅन्युअल वाचत बसतात. आणि वायरीचं राहिलंच.

माडीवरची_तालीम, ९:१५
बॅटरी लावून वाचलं, अक्षर मुंगीएवढं आहे. मॉडेलचा फोटो टाकलाय. व्हर्जन ५. वायर कालच वायरमन टाकून गेले, खालच्या खोक्यापासून जिन्याच्या कठड्याने माडीवर. ती निळ्या पोर्टमध्ये आहे, कागदातल्या चित्रात तसंच दाखवलंय. वाडा जुना आहे, मधली भिंत दोन फुटी, विटा आणि चुन्याची. खालचं वायफाय जिन्याच्या पाचव्या पायरीवर संपतं.

शिंद्यांची_छावणी (ग्वाल्हेर), ९:१८
आमचाही वाडा असाच. मी वायर न टाकता रिपीटर लावला, तो आलेलं वायफाय पकडून पुढे सोडतो. पाचव्या पायरीवर प्लगपॉइंट आहे का? तिथे खोचा, बटण दाबा, झालं.

मेश_घ्या_सुखी_व्हा, ९:२१
रिपीटर नका लावू! साधा रिपीटर त्याच लहरीवर ऐकतो आणि त्याच लहरीवर बोलतो, वेग निम्म्यावर येतो. मेशमध्ये तसं होत नाही.

तारवाला_काका, ९:२५
तुमच्या दोन डब्यांमध्ये वायर नसेल आणि डब्याला तिसरा बँड (आपापसात बोलायला लहरींची वेगळी पट्टी) नसेल तर मेशमध्येही तसंच होतं. डबा बदलला म्हणून दोन फुटी भिंत पातळ होत नाही. अहो, ताईंच्या माडीवर वायर पोचलीय! यापेक्षा चांगलं काय हवं? फक्त तो राउटर स्वतःला घराचा मालक समजतोय, तेवढं बदलायचंय.

मेश_घ्या_सुखी_व्हा, ९:२७
बरोबर, वायर असेल तर वायरच बरी. ते मी नीट वाचलं नव्हतं.

तारवाला_काका, ९:३३
ताई, अडचण अशी आहे. त्या कागदाने गृहीत धरलंय की घरात हा एकच राउटर आहे. तुमच्याकडे हा दुसरा. दोघंही आपला पत्ता १९२.१६८.१.१ सांगत असतील तर नव्याला कळत नाही की आलेला निरोप घरातला की बाहेरचा. काही मॉडेलं स्वतःहून पत्ता बदलतात, काही बदलत नाहीत. नव्याला ‘ॲक्सेस पॉइंट’ केलं की प्रश्न मिटतो. पत्ते वाटायचं काम खालच्याकडे राहील, हा फक्त हवेत लहरी सोडेल. आता सांगा, पासवर्ड चुकीचा म्हणतो ते पान कोणत्या रंगाचं आहे?

माडीवरची_तालीम, ९:३६
रंगाचा काय संबंध? पांढरं, वर लाल पट्टी. पलीकडे तानपुरा लावून ठेवलाय आणि मी इथे रंग सांगत बसलेय.

तारवाला_काका, ९:३८
मग ते नव्या राउटरचं पान नाहीच. तुम्ही पाठवलेल्या फोटोतल्या कंपनीचं पान निळसर असतं. तुम्ही खालच्या खोक्याचं दार वाजवताय आणि किल्ली वरच्याची लावताय. नव्या वायफायवर इंटरनेट नाही असं दिसलं की फोन गुपचूप ओळखीच्या जुन्या वायफायवर जातो, नाहीतर मोबाइल डेटावर. पासवर्ड बरोबरच असणार.

माडीवरची_तालीम, ९:४०
दोन तास मी पासवर्ड टाकतेय!!

गल्लीतला_वाचक, ९:४४
विषयांतर होतंय, पण राहवत नाही. बडोद्यात १८८६ साली गवई मौला बक्ष यांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने गायनशाळा सुरू केली, तेव्हा चिजा शिकवायला स्वरलिपी तयार केली आणि पुस्तकं छापली. ज्याने गुरूच्या तोंडून ऐकलं नाही त्यालाही कागदावरून सूर सापडावा म्हणून. मींड आणि गमक (सुरांचे हेलकावे) कागदावर उतरवणं किती अवघड! ते ज्यांनी मनावर घेतलं त्यांच्या गावात ‘दुसरा राउटर असेल तर मोड बदला’ एवढी एक ओळ कागदावर मिळू नये याचं वाईट वाटतं. आणि ती मराठीत, गुजरातीत, हिंदीत का नसावी?

माडीवरची_तालीम, ९:४६
दादा, खूप छान लिहिलंत, यावर नंतर बोलूच. काका, आता नेमकं काय करू? एकेक सांगा.

तारवाला_काका, ९:५५
निळ्या पोर्टमधली वायर काढा. फोनचा मोबाइल डेटा बंद. जुन्या वायफायवर जाऊन ‘फर्गेट’ करा, पासवर्ड आधी लिहून ठेवा. नव्या वायफायला जोडा. ‘इंटरनेट नाही, तरी जोडलेले राहायचे का’ असं विचारेल, हो म्हणा. मग ब्राउझरच्या वरच्या पट्टीत १९२.१६८.१.१ टाका. मी इथे मराठी आकडे लिहितोय, तुम्ही इंग्रजी टाका, नाहीतर पान उघडणार नाही. निळसर पान आलं की लेबलवरचा पासवर्ड टाका. आत ‘ॲडव्हान्स्ड’, त्यात ‘सिस्टिम’, त्यात ‘ऑपरेशन मोड’. तिथे ‘ॲक्सेस पॉइंट’ निवडून सेव्ह करा. राउटर स्वतः बंद होऊन चालू होईल आणि ते पान परत उघडणार नाही. घाबरून रीसेट करू नका! त्याचा पत्ता बदललेला असतो. मग वायर परत निळ्यात लावा.

शिंद्यांची_छावणी, ९:५९
आणि ऑपरेशन मोड मिळालाच नाही तर? माझ्या जुन्या राउटरला तो नव्हता.

तारवाला_काका, १०:०३
तर नव्या राउटरचा लॅनचा (घरातल्या जाळ्यातला) पत्ता १९२.१६८.१.२ करायचा, त्याचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायचं काम, बंद करायचं आणि वायर निळ्यात न लावता पिवळ्या लॅन पोर्टमध्ये लावायची. तेच काम होतं. पण हा नवा आहे, याला मोड असेल.

सुरक्षित_घर, १०:०६
राउटर डोक्याशी ठेवू नका, रात्री बंद करा. आजी-आजोबांच्या खोलीत तर नकोच. लहरींमुळे झोप जाते.

तारवाला_काका, १०:०९
वायफायच्या लहरी क्ष-किरणांसारख्या नाहीत, त्यांची ऊर्जा फारच कमी. उगाच कुणाला घाबरवू नका. आणि ताईंनी हे विचारलंही नाही.

माडीवरची_तालीम, १०:३१
ऑपरेशन मोड मिळाला! तिथे बारीक अक्षरात लिहिलं होतं, हाच बदल हवा हे मला कधी कळलं नसतं. सेव्ह केलं, पान गेलं, तुम्ही सांगितलंत म्हणून रीसेट केला नाही. वायर लावली. पण गोळ्याचा दिवा आता लागतच नाही. नारिंगी नाही, हिरवा नाही.

तारवाला_काका, १०:३४
एकदम अंधार म्हणजे वायर पोचत नाहीये. टोकाचा क्लिप ‘टक’ वाजला का? तो प्लास्टिकचा छोटा काटा तुटलेला असतो पुष्कळदा.

माडीवरची_तालीम, १०:४७
वाजला नव्हता. पुन्हा दाबला, हिरवा झाला!! आता फोनवर पाहिलं, ९४ एमबीपीएस. आमचा प्लॅन २०० चा आहे, हे कमी का?

तारवाला_काका, १०:५२
९४ दिसलं म्हणजे जोडणी १०० वर झालीय. १००० साठी आठही तारा लागतात, १०० ला पहिली, दुसरी, तिसरी आणि सहावी पुरते. एखादी तार टोकाला नीट दाबली गेली नसेल, किंवा राउटरचा पोर्टच १०० चा असेल. सावकाश वायरमनला दाखवा. क्लासला काही फरक पडणार नाही.

मेश_घ्या_सुखी_व्हा, १०:५५
आता दोन्हीकडे वायफायचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवा, चालता चालता फोन बदलेल.

तारवाला_काका, १०:५८
मला नाही पटत. कधी बदलायचं हे फोन ठरवतो, आणि तो जुनंच धरून बसतो. क्लासच्या वेळी वेगळं नाव बरं. ‘माडी’ नाव द्या आणि फोन त्याच्याशीच जोडलेला ठेवा. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्टीवर दोन्ही राउटरचे चॅनल वेगळे ठेवा, एक १ वर आणि दुसरा ६ किंवा ११ वर. जमल्यास ताईंनी माडीवर ५ गिगाहर्ट्झ वापरावं, खोलीतल्या खोलीत ते उत्तम.

माडीवरची_तालीम, सकाळी ६:५०
क्लास झाला. पंचमावरून गंधारावर उतरले आणि पलीकडून मुलीने तीच मींड जशीच्या तशी गाऊन दाखवली. काका, तुम्ही रात्री अकरापर्यंत जागलात. सगळ्या पायऱ्या, पानाचे रंग, पत्ता, पासवर्ड, तो टक आवाजसुद्धा, वहीच्या पानावर मराठीत लिहून राउटरच्या मागे भिंतीवर चिकटवलंय.

चिवडा_आणि_चहा, ७:१५
अभिनंदन ताई. त्या पानाचा फोटो टाकाल का? माझ्या मेहुण्याच्या इंदूरच्या घरी हाच घोळ चाललाय.

तारवाला_काका, ७:२०
पासवर्डची ओळ झाकून टाका, ताई.