शब्दचर्चा : ‘शास्त्रीय व्यवस्थापन’ यातलं ‘शास्त्रीय’

प्रश्न : वाणिज्य शाखेच्या पुस्तकांत ‘शास्त्रीय व्यवस्थापन’ असतं. शास्त्रीय संगीतासारखं, परंपरेनं नियमात बसलेलं, असा अर्थ घ्यायचा का?

उत्तर : नाही, जवळजवळ उलट. ही पद्धत मांडणारा अमेरिकी अभियंता फ्रेडरिक टेलर, त्याचं भांडण परंपरेशीच होतं. फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल पोलाद कारखान्यात तो फोरमन होता. एका दिवसाचं काम म्हणजे नेमकं किती, हे तिथे कुणीच मोजलेलं नव्हतं. त्यानं कामाचे तुकडे पाडले आणि स्टॉपवॉच लावलं. पुढे बेथलेहेम पोलाद कंपनीत त्याला आढळलं की फावड्यात दर खेपेला साधारण 21 पौंड माल आला तर दिवसभरात सर्वाधिक काम होतं. म्हणून हलक्या मालाला मोठं फावडं, जड खनिजाला लहान. इथे ‘शास्त्र’ म्हणजे अंदाजाच्या जागी मोजमाप.

‘सायंटिफिक मॅनेजमेंट’ हे मूळ इंग्रजी नावही टेलरचं नव्हे. तो ‘टास्क मॅनेजमेंट’ म्हणे. 1910 मध्ये रेल्वे कंपन्यांच्या भाडेवाढीविरुद्ध लढणारे वकील लुई ब्रँडाइस यांना आपल्या युक्तिवादासाठी (भाडं वाढवू नका, कारभार सुधारून खर्च वाचवा) एक ठसठशीत नाव हवं होतं. टेलरचा सहकारी हेन्री गँट याच्या घरी जमलेल्या अभियंत्यांसोबत ते ठरलं. 1911 मध्ये टेलरनं तेच आपल्या पुस्तकाला दिलं.

प्रतिप्रश्न : मग ‘शास्त्रशुद्ध’ म्हणावं?

उत्तर : मला ते मान्य नाही. ‘शुद्ध’ म्हटलं की दावा आधीच सिद्ध धरला जातो. बेथलेहेमला कच्च्या लोखंडाची लादणी माणशी रोज 12.5 टनांवरून 47.5 टनांवर नेली, असं टेलर सांगतो, मजुरी 1.15 डॉलरवरून 1.85 झाली. काम जवळजवळ चौपट, पैसा दुपटीलाही पोचला नाही. हे प्रमाण घड्याळानं ठरवलेलं नाही. वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारात 1911 साली ओतकाम करणारे कामगार स्टॉपवॉचच्या विरोधात काम सोडून बाहेर पडले, आणि 1915 मध्ये अमेरिकी काँग्रेसनं लष्कराच्या निधीतून असं वेळ-मोजमाप करायला मनाई केली. मी ‘वैज्ञानिक व्यवस्थापन’ लिहितो. त्यात पद्धत कळते, निवाडा होत नाही. परीक्षेत मात्र पुस्तकातलाच शब्द लिहावा.

कारखान्यात यातलं काहीच कुणी बोलत नाही. तिथे ‘टाइम स्टडी’ (कामाचं वेळ-मोजमाप), ‘पीस रेट’ (नगावर मजुरी), ‘इन्सेंटिव्ह’ (जादा कामाचे जादा पैसे). ऑनलाइन मालाच्या गोदामात हातातला स्कॅनर दर वस्तूमागचे सेकंद नोंदवतो, तेही टेलरचंच काम, फक्त आता घड्याळ घेऊन शेजारी उभा राहणारा माणूस नाही.

एक सावधगिरी : टेलर आणि फ्रेंच व्यवस्थापन-विचारवंत हेन्री फेयॉल यांना एकत्र ‘क्लासिकल’ विचारसरणीत धरतात. तिथे ‘अभिजात’ लिहा. तिलाही ‘शास्त्रीय’ म्हटलं तर दोन्ही संज्ञा एकच वाटतात.