जपानी अ‍ॅनिमेपटांतल्या काही जागा : मराठीत काय म्हणाल?

पागोळी

जपानी अ‍ॅनिमेपट मी इंग्रजी सबटायटल लावून बघते. जपानी शिकते आहे, त्यामुळे संवाद बऱ्यापैकी कळतात, आणि मग कानावर एक पडतं, खाली वाचायला दुसरंच मिळतं. कितीतरी ठिकाणी वाटतं की इंग्रजीला इथे द्राविडी प्राणायाम करावा लागला, मराठीत हे अलगद उतरलं असतं. काही ठिकाणी मात्र मराठीतही अडतं. दोन्ही प्रकारच्या जागा मांडते, सुचेल ते सांगा.

माकोतो शिनकाईंचा 'किमी नो ना वा' (२०१६) घ्या. डोंगरातल्या गावची मित्सुहा आणि तोक्योचा ताकी, झोपेतून उठतात तर शरीरांची अदलाबदल झालेली. ताकीच्या शरीरातली मित्सुहा त्याच्या कॉलरवाल्या गणवेशात शाळेत पोचते, ती उशिराच. मित्रांना कारण सांगताना 'वाताशी' म्हणते. मित्र बघतच राहतात. मग 'वाताकुशी'. ते आणखी बुचकळ्यात. 'बोकू' म्हणून बघते, तेही पटत नाही. शेवटी 'ओरे' म्हणते आणि दोघं माना डोलावतात. चारही शब्दांचा अर्थ 'मी'च. पण मुलीच्या तोंडी शोभणारा, अतिशिष्टाचाराचा, गुणी मुलाचा आणि रांगडा मुलगा वापरतो तो, असे त्यांचे चार पोत. इंग्रजीकडे एकच 'आय'. मराठीतही 'मी' एकच, पण आपलं लिंग क्रियापदात येऊन बसतं! 'मी रस्ता चुकले… म्हणजे, चुकलो.' एका मात्रेचा फरक, आणि अख्खा प्रसंग हाताशी येतो. हे लक्षात आलं तेव्हा मला मराठीचा फार अभिमान वाटला.

याच चित्रपटातली दुसरी जागा. वर्गात बाई फळ्यावर 'तासोगारे' या शब्दाची फोड करतात. 'ता सो कारे', म्हणजे 'तो कोण?' समोरचा माणूस ओळखू येत नाही इतका उजेड उरतो, ती संध्याकाळची वेळ. दिवस नाही, रात्र नाही, माणसाला माणसापलीकडचं काही भेटू शकतं अशी. मुलं म्हणतात, आमच्याकडे याला 'कातावारे-दोकी' म्हणतात. 'दोकी' म्हणजे वेळ. माझ्या डोक्यात त्या क्षणी 'कातरवेळ' लख्ख उमटलं. कातावारे-दोकी, कातरवेळ! नातं काही नाही, निव्वळ योगायोग, पण अनुवादकाला असा योगायोग जन्मात एखादा मिळत असेल.

आता अडलेली जागा. हायाओ मियाझाकींचा 'सेन तो चिहिरो नो कामिकाकुशी' (२००१), म्हणजे 'स्पिरिटेड अवे', त्यातला आगगाडीचा प्रवास. पावसानंतर सगळीकडे पाणी भरलंय, रूळ पाण्याखाली, आणि गाडी त्यातून चाललीय. चिहिरोशेजारी बिनचेहऱ्याचा काओनाशी गप्प बसलाय. सावल्यांसारखे प्रवासी एकेका स्थानकावर उतरतात. बाहेर अंधारतं, दिव्यांच्या पाट्या मागे पडतात. कुणी बोलत नाही, संगीतकार जो हिसाइशींचा पियानो तेवढा चालू. गोष्ट तसूभर पुढे सरकत नाही, पण माझ्या मते चित्रपटाचा जीव तिथेच आहे. तोवर सैरभैर असलेली ही दहा वर्षांची मुलगी त्या गाडीत पाठ ताठ ठेवून बसलेली असते. ती मोठी झाल्याचं कुणी सांगत नाही, आपल्याला ते बघायला वेळ दिला जातो.

मियाझाकी याला 'मा' म्हणतात. २००२ साली रॉजर इबर्ट या अमेरिकी समीक्षकाशी बोलताना त्यांनी टाळ्या वाजवून दाखवल्या आणि सांगितलं, दोन टाळ्यांमधला वेळ म्हणजे 'मा'. सतत काहीतरी घडत राहिलं तर ती नुसती धांदल होते, असं त्यांचं म्हणणं. या 'मा'ला मराठीत काय म्हणावं? मला 'उसंत' सुचतो.

नांदी

नाटकवाले 'पॉज' म्हणतात. 'पॉज घेतला', 'पॉज खाल्ला' असं तालमीत रोज ऐकू येतं. पण पॉजमध्ये थांबणं आहे, आणि तुम्ही वर्णन केलेली गाडी थांबलेली नाही. 'विराम'ची अडचण तीच, शिवाय तो व्याकरणातला वाटतो.

'उसंत'बद्दल माझी शंका अशी, की तो शब्द आपण बहुतेक नकारातच वापरतो. 'श्वास घ्यायला उसंत नाही.' आणि उसंत माणसाला असते, दृश्याला कशी असेल?

अनुस्वार

'मा' लिहितात ते चित्राक्षर बघा : मोठ्या दाराची चौकट आणि तिच्या आत सूर्य. जुन्या रूपात सूर्याऐवजी चंद्र असे. दाराच्या दोन फळ्यांमधून उजेड दिसतो, तेवढी फट. म्हणजे काळाइतकीच ती जागेलाही लागू आहे. खोली, अंतर, मधला वेळ, सगळ्यांना तेच अक्षर. 'अवकाश' हा एकच मराठी शब्द मला माहीत आहे जो दोन्हीकडे चालतो. 'तिथे बसायला अवकाश नाही' आणि 'गाडीला अजून अवकाश आहे.' दुसरा वापर तर घरोघरी आहे.

उच्चाराबद्दलही लिहितो, कारण वर नावं बरोबर लिहिली गेली आहेत आणि ते क्वचित दिसतं. 'मित्सुहा'मधला 'त्सु' म्हणजे आपल्या 'चुना', 'चुलत'मधला च. 'मियाझाकी'तला झ हा 'माझा'मधला. हे दोन्ही उच्चार मराठी माणसाच्या जिभेवर आयतेच आहेत. आणि त्यांची अक्षरमाला आ-इ-उ-ए-ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व अशी चालते, तो क्रम संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून तिकडे गेला. त्यामुळे जपानी शब्द इंग्रजी स्पेलिंगवरून देवनागरीत आणू नयेत, सरळ आणावेत. 'आनिमे' असं लिहिलं तरी माझी हरकत नाही.

पागोळी

'अवकाश' सुरेख आहे. पण आज नुसतं 'अवकाश' म्हटलं की वाचणारा यानात बसतो. दिग्दर्शक इसाओ ताकाहातांच्या 'कागुया-हिमे नो मोनोगातारी'साठी (२०१३) मात्र तोच शब्द घेईन. त्यात चौकटीच्या कडांपर्यंत रंग नेलेलाच नाही. कुंचल्याची रेघ, थोडा जलरंग, आणि भोवती कोरा कागद. तो कोरेपणा म्हणजे अवकाशच.

नांदी, उसंत नकारातच येते हे खरं, आणि म्हणूनच तो शब्द मला हवासा वाटतो. जी गोष्ट आपल्याला कधी मिळत नाही ती हे चित्रपट देतात. दृश्याला उसंत असते असं मी म्हणणार नाही. 'इथे दिग्दर्शक प्रेक्षकाला उसंत देतो' असं म्हणेन. वाक्य बसतं ना?

नांदी

बसतं. माणसाकडे गेली की उसंत बरोबर.

पंचगंगा

'चुकले… चुकलो' वाचून आनंद झाला, पण आमच्या कोल्हापुरात हा प्रसंग घडणारच नाही. इथल्या मुली 'मी आलो', 'मी जातो' असंच बोलतात, माझ्या बहिणी आजही बोलतात. मित्सुहा कोल्हापूरची असती तर ताकीच्या मित्रांना पत्ता लागला नसता! तेव्हा सबटायटल करताना तिची बोली ठरवावी लागेल. मुळात ती तरी गावाकडचंच बोलते ना?

पागोळी

हो, ती आणि तिची आजी हिदा या डोंगरी भागाच्या बोलीत बोलतात आणि ताकी तोक्योचं. शरीर बदलल्यावर तिच्या तोंडून बोली निसटते, तेही मित्रांच्या कानाला खटकतं. मराठीत गावाकडची म्हणून ढोबळ 'गावंढळ' भाषा दिली तर मला राग येईल. एक खरी बोली निवडावी आणि शेवटपर्यंत पाळावी.

बोलीवरून ताकाहातांचाच 'होतारू नो हाका' (१९८८) आठवतो. १९४५ चं कोबे शहर, आगीचे बॉम्ब, आई गेलेली, चौदा वर्षांचा सेइता आणि चार वर्षांची सेत्सुको. सेत्सुको भावाला सतत 'निइचान' म्हणून हाक मारते. इंग्रजीत तिथे बरेचदा 'सेइता' असं नाव येतं, कारण इंग्रजीत कुणी भावाला 'भाऊ' म्हणत नाही. चार वर्षांची बहीण मोठ्या भावाला नावाने हाक मारते हे बघताना माझ्या पोटात कालवाकालव होते. आपल्याकडे तो 'दादा'. अख्खा चित्रपट या एका हाकेवर उभा आहे : भूक लागली की 'दादा', भीती वाटली की 'दादा', आणि काजवे पुरताना ती विचारते तेव्हाही. 'दादा, काजवे इतक्या लवकर का मरतात रे?' त्यातला 'रे'सुद्धा मूळ वाक्याच्या शेवटच्या हेलकाव्यात आहे. दुसरी भाषा तो कुठून आणणार?

अशा चित्रपटाला लोक 'कार्टून' म्हणतात तेव्हा खरंच वाईट वाटतं. मराठीत 'काय कार्टून आहे' हे आपण माणसाची टर उडवायला वापरतो. तो शब्द या मुलांना लावू नये, एवढंच माझं मागणं आहे. 'चित्रपट' म्हणा, तसाही तो अक्षरशः चित्रांचा पट आहे.

अनुस्वार

यावर दुमत नाही.

'कातरवेळ'बद्दल थोडं. 'कातर' म्हणजे भ्यालेला, व्याकुळ. 'कातर आवाज' म्हणतो तो. म्हणजे कातरवेळ सांगते की आत काय होतं, आणि 'तासोगारे' सांगतो की बाहेर काय दिसत नाही. वर्गातली फोड मराठीत आणायची तर 'कातर'ने 'तो कोण?' निघणार नाही. 'तिन्हीसांजा'नेही नाही.

पागोळी

वर्गातल्या प्रसंगात 'तासोगारे' तसाच ठेवावा लागेल, बाई शब्दाची फोडच करताहेत म्हटल्यावर. पण पुढे डोंगरमाथ्यावर दोघं एकमेकांना पहिल्यांदा दिसतात आणि एकाच वेळी 'कातावारे-दोकी' उच्चारतात, तिथे 'कातरवेळ'च हवी. तिथे दिसण्याचा प्रश्न सुटलेला असतो, उरते ती व्याकुळताच.

उंबरठा

उशिरा आले चर्चेत. 'सुझुमे नो तोजिमारी' (२०२२) कुणी काढला नाही म्हणून लिहिते. 'तोजिमारी' म्हणजे दारं-खिडक्या नीट लावून घेणं, आपलं कडीकुलूप. ओस पडलेल्या जागांमधली दारं उघडतात, त्यांतून भूकंप येतो, आणि ती लावायची तर त्या जागी नांदून गेलेल्या माणसांचे आवाज ऐकावे लागतात.

शेवटी ११ मार्च २०११ ची सकाळ ऐकू येते. नायिका सुझुमे, तिची आई त्या दिवशीच्या त्सुनामीत गेलेली असते. त्या आवाजांत काय असतं? 'ओहायो', 'इत्तेकिमासु', 'इत्तेराशाइ'. घराघरातून बाहेर पडणारी माणसं आणि त्यांना 'इत्तेराशाइ' म्हणत निरोप देणारी. 'इत्तेकिमासु'चा शब्दशः अर्थ 'जाऊन येते'. इंग्रजीत 'आय अ‍ॅम लीव्हिंग' किंवा तसलं काहीतरी येतं आणि सगळं सांडून जातं. कारण त्यात परत येण्याचा शब्द दिलेला असतो, आणि त्या सकाळी तो हजारोंनी दिला होता. आपण दारातून निघताना काय म्हणतो? 'येते हं.' चुकून 'जाते' म्हटलं तर आई म्हणायची, 'जाते नाही, येते म्हणावं.' मला तो प्रसंग मराठीतच ऐकू आला. रडू आवरेना.

घरी परतणाऱ्याच्या 'तादाइमा'ला 'आले गं!' आणि घरातून मिळणाऱ्या 'ओकाएरी'ला 'आलीस?' ठीक वाटतं का?

पागोळी

ठीक काय, यापेक्षा बरोबर काही असूच शकत नाही. उत्तर माहीत असलेला तो प्रश्न, 'आलीस?'

मग शेवटच्या वाक्याचं काय करायचं? चढावर सोता, ती दारं लावत फिरणारा तरुण, समोरून येतो आणि सुझुमे 'ओकाएरी' म्हणते, तिथे चित्रपट संपतो. ती त्याला 'सोता-सान' म्हणते, म्हणजे मराठीत अहो-जाहो. पण 'आलात?' आपण पाहुण्यालाही म्हणतो, 'आलास?' फक्त घरच्याला. मला वाटतं तिने चित्रपटभर 'तुम्ही' म्हणावं आणि तिथे एकदाच 'आलास?'

नांदी

ते तुम्ही पदरचं घालताय. जपानीत तिथे असं वळण नाही, नेहमीचा घरगुती शब्द आहे, आणि सौंदर्य त्याच साधेपणात आहे. एकेरीवर आणलंत तर प्रेक्षक 'तू'कडे बघत बसेल.

उंबरठा

मलाही 'आलात?' वाटतं. माझी आजी आजोबांना जन्मभर अहो-जाहोच करायची. संध्याकाळी ते चपला काढेपर्यंत आतून विचारायची, 'आलात?' त्यात परकेपणा कधी जाणवला नाही.

पागोळी

हे मान्य. 'आलात?' ठेवू. 'इत्तेराशाइ'साठी मी 'सावकाश ये' धरते आहे. नुसतं 'ये हं' पुरेल असं कुणाला वाटत असेल तर सांगा.