अर्धवट राहिलेल्या प्रोजेक्टांमधून नेमकं शिकायचं कसं?

कळंबा_सर्किट:
नमस्कार मंडळी. दोन कामं अर्धी पडून आहेत. एक हार्डवेअरचं, एक सॉफ्टवेअरचं. दोन्हींवर बराच वेळ गेलाय, त्यामुळे नुसतं उचलून भंगारात टाकायला मन होत नाही.

पहिलं काम म्हणजे शेतातल्या ५ एचपी मोटरचा कंट्रोलर. ईएसपी३२ (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड), सिम८००एल (सिम कार्ड घालून कॉल-मेसेज करणारं मॉड्यूल), दोन रिले (विजेने चालू-बंद होणारे स्विच), टाकीतला फ्लोट स्विच (पाणी चढलं की जुळणारा) आणि मातीच्या ओलाव्याचे दोन सेन्सर, सगळं ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता वायरी खोचायची पाटी). मिसकॉल दिला की मोटर चालू व्हावी आणि तसा मेसेज परत यावा, एवढंच करायचं होतं. तीन ठिकाणी अडलंय. मेसेज पाठवताना सिमचं मॉड्यूल रीसेट होतं. टाकी भरलेली असताना लाइट आली तर बोर्ड सुरू होतो, पण टाकी रिकामी असेल तर होत नाही. फ्लोट ईएसपी३२ च्या जीपीआयओ १२ या पिनवर आहे, १० के रेझिस्टरने ३.३ व्होल्टला ओढलेला. तिसरं म्हणजे जुना कोड आता कंपाईलच होत नाही.

दुसरं काम गावातल्या दूध संकलनाच्या बिलाचं. पायथन भाषा आणि एसक्यूलाईट डेटाबेस. ५८ मिलिमीटरच्या थर्मल प्रिंटरवर मराठी नावं फुटतात आणि दहा दिवसांच्या बिलाची बेरीज वहीशी काही पैशांनी जुळत नाही.

हे पूर्ण करावं, मोडून सुटे भाग काढावेत, की नुसतं लिहून ठेवावं? आणि "शिकायचं" म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं?

उद्यमनगर_लेथ:
आधी पंचनामा, मग बाकीचं. एकही वायर काढू नका. वरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढा. मग प्रत्येक वायर कुठून कुठे जाते ते मल्टीमीटरच्या बझरने तपासून कागदावर उतरवा. जुन्या ब्रेडबोर्डवर डोळ्याला जोडलेली दिसणारी वायर आतून सुटलेली असते, म्हणून फोटोवर भागत नाही. कागदावर चार गोष्टी लिहायच्या: काय चालतं (आकड्यासह), कुठे अडलं, शेवटचा कोणता उपाय करून पाहिला, आणि कोणती गोष्ट कधी मोजलीच नव्हती. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. प्रोजेक्ट बहुतेक वेळा तिथेच अडकलेला असतो.

तुमच्या सिम मॉड्यूलचंच बघा. "रीसेट होतं" हे लक्षण झालं. त्याला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात आणि नेटवर्कशी बोलताना ते २ अँपिअरपर्यंत करंट ओढतं. हा करंट सलग नसतो. दर ४.६ मिलिसेकंदांनी जेमतेम ०.५८ मिलिसेकंदाचा झटका असतो. मल्टीमीटर सरासरी दाखवतो, त्यामुळे त्यावर ४.० व्होल्ट दिसतात आणि माणूस पॉवर ठीक आहे असं समजून कोड तपासत बसतो. ब्रेडबोर्डचे दोन-तीन संपर्क आणि बारीक जंपर मिळून ०.२ ओहम सहज होतात. २ अँपिअरला तिथेच ०.४ व्होल्ट गेले. ३.७ व्होल्टच्या सेलवर चालवत असाल तर मॉड्यूलपर्यंत ३.३ पोचतात, म्हणजे मर्यादेच्या खाली.

हे सिद्ध कसं करायचं ते सांगतो. मॉड्यूल बाजूला ठेवा. बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारा बोर्ड) ४.० व्होल्टला लावा आणि मॉड्यूलला जाणाऱ्या त्याच वायरींच्या टोकाला २ ओहम, १० वॅटचा सिमेंट रेझिस्टर जोडा. आता २ अँपिअर सलग वाहतील, म्हणून मल्टीमीटर खरं सांगेल. रेझिस्टरच्या पायांवर ३.६ च्या खाली दिसलं तर दोषी सापडला. रेझिस्टर ८ वॅट तापतो, तेव्हा हात लावू नका आणि अर्ध्या मिनिटात काढा. उपाय साधा आहे: पॉवरच्या वायरी जाड आणि आखूड करून झिरो पीसीबीवर (भोकांची कोरी पाटी) सोल्डर करायच्या, आणि मॉड्यूलच्या पायांपाशी १००० मायक्रोफॅरडचा लो ईएसआर (आतला रोध कमी असलेला) कपॅसिटर लावायचा, सोबत ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक. नंतर एटी+सीबीसी कमांड दिली की मॉड्यूल स्वतःला मिळणारं व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये सांगतं. तोही आकडा कागदावर टिपा.

जीपीआयओ १२ ची गोष्ट तर शिकण्यासारखी आहेच. ईएसपी३२ सुरू होताना काही पिन वाचून ठरवतो की कसं सुरू व्हायचं. १२ नंबरची पिन त्या क्षणी हाय असेल तर तो फ्लॅश मेमरीला १.८ व्होल्ट द्यायचे असं समजतो. नेहमीच्या बोर्डावरची फ्लॅश ३.३ ची असते, म्हणून ती उठतच नाही. तुमची टाकी रिकामी असताना फ्लोटचा स्विच उघडा असतो, म्हणून पिन हाय (३.३ व्होल्टला), बोर्ड मेलेला. भरली की फ्लोट ग्राउंडला, पिन लो, बोर्ड चालू. फ्लोट २७ किंवा ३३ वर न्या. ३४ ते ३९ वर नेलात तर लक्षात ठेवा, त्या फक्त इनपुट आहेत आणि त्यांना आतला पुल-अप (पिन हाय ठेवणारा रेझिस्टर) नाही. ०, २, १२, १५ या पिनांना बाहेरचं काही जोडताना दहादा विचार करा. ६ ते ११ तर फ्लॅशच्याच आहेत.

भोगावती_पंप:
वरचं सगळं बरोबर. पण स्टार्टरच्या बाजूला कुणी बघितलं का? ब्रेडबोर्डवर काम अडलं हे एका अर्थी बरंच झालं.

त्या निळ्या चौकोनी रिलेच्या पाठीवर २५० व्होल्ट एसी लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या शेतीच्या थ्री फेज स्टार्टरमध्ये कॉइल बहुतेक दोन फेजमध्ये, म्हणजे ४१५ व्होल्टवर असते. तो रिले त्या सर्किटला चालत नाही. काही दिवस चालल्यासारखा वाटतो, मग काँटॅक्ट चिकटतात आणि मोटर बंदच होत नाही. रिलेने १२ किंवा २४ व्होल्ट डीसी कॉइलचा छोटा काँटॅक्टर (जास्त व्होल्टेजला चालणारा रिलेच) ओढायचा आणि त्याचे ४१५ ला चालणारे काँटॅक्ट स्टार्टरच्या सर्किटमध्ये घालायचे. ही जोडणी लायसनवाल्या वायरमनकडूनच करून घ्या. फ्यूज काढूनही दुसऱ्या बाजूने फेज येत असते.

जोडणी अशी: चालू करायचा काँटॅक्ट हिरव्या बटणाला समांतर, दोन सेकंद दाबून सोडल्यासारखा. बंद करायचा काँटॅक्ट लाल बटणाच्या ओळीत, तोही एनसी (एरवी जुळलेला, रिले ओढला की उघडणारा). एनसी यासाठी की तुमचं सर्किट जळलं तरी हाताने मोटर चालू-बंद करता आली पाहिजे. रात्रीची लाइट असताना पाणी पाजायला गेलेल्या माणसाला त्या डब्याने अडवून धरलं, तर दुसऱ्या दिवशी तो डबा काढून ठेवला जाईल. गावातले असले बरेच कंट्रोलर याच कारणाने पडून आहेत, कोडमुळे नाही.

काँटॅक्टर सुटताना कॉइलमधून जो झटका येतो त्यानेही ईएसपी रीसेट होतो. त्यावर कॉइलच्या व्होल्टेजचाच तयार सर्ज सप्रेसर मिळतो, तो लावा. २३० साठीचा २७५ व्होल्टचा एक्स२ कपॅसिटर ४१५ च्या कॉइलवर लावू नका.

आणखी एक. मेसेज "मोटर चालू" असा जातो, पण तुमच्या यादीत मोटर खरंच चालू झाली हे बघणारं काहीच नाही. एका फेजवर करंट ट्रान्सफॉर्मर (वायरीतला करंट मोजणारा सेन्सर) घाला, ३० अँपिअरला १ व्होल्ट देणारा. ५ एचपीची मोटर भरल्या लोडला साधारण साडेसात अँपिअर घेते, म्हणजे सुमारे ०.२५ व्होल्ट मिळतील. पाणी नसताना मोटर फिरली तर करंट स्पष्टपणे उतरतो, तेही याच आकड्यावरून कळतं. ओलाव्याच्या सेन्सरपेक्षा हा आधी हवा. दोन काट्यांचे ओलाव्याचे सेन्सर डीसी सतत दिला तर इलेक्ट्रोलिसिसने खाऊन जातात. ते तूर्त यादीतून काढाच.

करवीर_कोड:
मी फक्त कोडबद्दल लिहितो.

कंपाईल न होण्याचं कारण बहुधा कोअरची (बोर्डासाठीच्या मूळ सॉफ्टवेअरची) आवृत्ती. ईएसपी३२ चा आर्डुइनो कोअर २०२४ मध्ये ३.० झाला आणि पीडब्ल्यूएमची (पिन झपाट्याने चालू-बंद करायची) जुनी दोन फंक्शन, सेटअपचं आणि पिन जोडायचं, काढून त्याऐवजी एकच आलं. टायमरचीही फंक्शन बदलली. एररमध्ये ती नावं दिसत असतील तर कोड दुरुस्त करत बसू नका. आधी कोअर २.० च्या मालिकेवर परत न्या आणि जसाच्या तसा कंपाईल करून बघा. चालला की गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जपणारं साधन) त्या जागी टॅग लावा. मग प्लॅटफॉर्मआयओच्या (कोड कंपाईल करायचं साधन) सेटिंग फाइलमध्ये प्लॅटफॉर्म आणि प्रत्येक लायब्ररीची नेमकी आवृत्ती लिहा. पायथनकडेही हेच करायचं. ज्या दिवशी काम थांबतं त्या दिवशीच्या आवृत्त्या लिहिलेल्या नसल्या, तर नंतर बिघाड तुमच्या कोडमध्ये आहे की बाहेर, हे ओळखायलाच वेळ जातो.

आता दुधाचं बिल. पैशांचा फरक आकडे फ्लोट प्रकारात (दशांश आकडा बायनरीत अंदाजे ठेवणारा, टाकीतला फ्लोट नव्हे) साठवल्यामुळे आणि पूर्णांकनाचा नियम न ठरवल्यामुळे येतो. ७.३ लिटर गुणिले ३६.४५ रुपये म्हणजे २६६.०८५. हा अर्धा पैसा वर न्यायचा की खाली? पायथनचा साधा राउंड एक तर बायनरी आकड्यावर चालतो आणि शिवाय नेमका अर्धा आला तर सम अंकाकडे झुकतो, त्यामुळे तो कधी वर, कधी खाली नेतो. वहीत लिहिणारा माणूस मात्र एकाच नियमाने चालतो. दूध मिलिलिटरमध्ये आणि पैसे पैशांतच, पूर्ण संख्या म्हणून साठवा. गुणाकार पायथनच्या डेसिमल प्रकाराने करा आणि अर्धा वर हा नियम स्पष्ट द्या. त्याहून मोठा प्रश्न म्हणजे पूर्णांकन प्रत्येक वेळच्या मापाला करायचं की दहा दिवसांच्या बेरजेला. सकाळ-संध्याकाळ मिळून वीस नोंदी होतात, तिथे फरक साचतो. याचं उत्तर कोडमध्ये मिळणार नाही, संकलन केंद्रात वही लिहिणाऱ्याला विचारा. फॅट-एसएनएफचं (दुधातली स्निग्धता आणि बाकीचे घन पदार्थ) दरपत्रकही कोडमध्ये न लिहिता टेबलमध्ये ठेवा आणि प्रत्येक दराला लागू झाल्याची तारीख द्या. नाहीतर दर बदलला की मागचं बिल पुन्हा काढताना नव्या दराने निघतं.

प्रिंटरबद्दल: या थर्मल प्रिंटरना देवनागरीची जोडाक्षरं जुळवता येत नाहीत. त्यांना अक्षरं पाठवलीत की कचरा छापतात. ओळीचं चित्र करून पाठवायचं. ५८ मिलिमीटरच्या कागदावर ४८ मिलिमीटर छपाई होते, मिलिमीटरला ८ ठिपके, म्हणून चित्राची रुंदी बरोबर ३८४ ठिपके, म्हणजे ओळीला ४८ बाइट. चित्र पिलोने (पायथनची चित्रांची लायब्ररी) काढत असाल तर एक सापळा आहे: पिलोला राक्म ही अक्षरं जुळवणारी लायब्ररी सापडली नाही तर ते अक्षरं नुसती रांगेत मांडतं, "कि" मधली वेलांटी क च्या नंतर येते आणि "कृष्णात" मधला "ष्ण" फुटतो. पिलोच्या फीचर्स मॉड्यूलमध्ये राक्म आहे का ते विचारता येतं. उत्तर "नाही" आलं तर आधी ते बसवा. फाँट बदलून उपयोग नाही.

कळंबा_सर्किट:
लई उपयोगी, सगळ्यांचे आभार. रेझिस्टर लावून बघितला, टोकाला ३.३ व्होल्टच मिळतात. राक्मही नव्हतं. आता दोन प्रश्न. सिम८००एल ठेवू की ४जी घेऊ? आणि पंचनामा झाल्यावर ब्रेडबोर्ड मोडू का?

उद्यमनगर_लेथ:
मोडा. ब्रेडबोर्ड वर्षभर तसाच ठेवला की स्प्रिंग सैल होतात आणि पुढच्या वेळी तोच बिघाड नव्याने शोधत बसता. भाग डब्यात, कागद आणि फोटो गिटमध्ये. लिथियमचा सेल असेल तर ३.७ ते ३.८ व्होल्टला आणून, सर्किटपासून सोडवून ठेवा. २.५ च्या खाली गेलेला सेल परत चार्ज करू नका.

भोगावती_पंप:
मला सगळं मोडणं पटत नाही. पॉवरचा तुकडा नीट सोल्डर करून स्वतंत्र बोर्ड म्हणून जपा: १२ व्होल्ट आत, ४.० व्होल्ट २ अँपिअर बाहेर, दोन्हीकडे स्क्रू टर्मिनल, आणि मागे मार्करने मोजलेला आकडा व तारीख. पुढचा कोणताही जीएसएम प्रोजेक्ट तिथून सुरू होईल. बाकीचं मोडा.

सिमबद्दल: सिम८००एल फक्त २जीवर चालतं, म्हणून जिओचं सिम त्यात कधीच लागणार नाही. घ्यायचंच असेल तर ए७६७०सी सारखं ४जी मॉड्यूल घ्या, पण मूळ मॉड्यूलचे सिग्नल १.८ व्होल्टचे असतात. बोर्डावर लेव्हल शिफ्टर (सिग्नलचं व्होल्टेज जुळवणारा) आहे ना ते विक्रेत्याला विचारूनच ईएसपीला जोडा. मिसकॉलवर मोटर चालवताना एटी+क्लिप ही कॉल करणाऱ्याचा नंबर दाखवणारी कमांड चालू करून आलेला नंबर यादीत आहे का ते तपासा, नाहीतर कुणाच्याही चुकीच्या फोनने पाणी सुटेल.

फ्लोटची वायर टाकीपर्यंत लांब असेल तर १० के चा पुल-अप कमजोर पडतो. ४.७ के घ्या, पिनपाशी १ के सिरीजला आणि ०.१ मायक्रोफॅरड ग्राउंडला.

करवीर_कोड:
पुढे कोणतं काम घ्यायचं तर बिलाचं घ्या. त्याचा एक वापरणारा माणूस ठरलेला आहे आणि तपासायला जुन्या वह्या आहेत. एका जुन्या दहा दिवसांच्या पानाच्या सगळ्या नोंदी टेस्टमध्ये घाला. पानावरची बेरीज पैशासकट जुळली की तो भाग झाला, मगच प्रिंटरला हात लावा.

भोगावती_पंप:
आणि मोटरचं काम पुन्हा घ्याल तेव्हा डब्याच्या सगळ्या वायरी प्लग-सॉकेटवर घ्या. नदीकाठची मोटर असेल तर २०१९ आणि २०२१ च्या पुरासारखं पाणी चढलं की स्टार्टर घाईत वर काढावा लागतो. स्क्रू टर्मिनलच्या बारा वायरी अंधारात सोडवत बसता येत नाही, आणि परत जोडताना फेज उलटा लागला तर मोटर उलटी फिरते. प्लगवर नंबर टाकून ठेवा आणि त्याचाच तक्ता डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा.