एका भिंतीला औषध भरल्यावर वाळवी दुसऱ्या खोलीत का निघते?

माजघर_रत्नागिरी (प्रश्न)

नमस्कार. आमचे घर जांभ्याच्या चिऱ्यांचे आणि जुने आहे. देवघराच्या चौकटीला वाळवी लागली, म्हणून पावसाळ्यापूर्वी त्या भिंतीच्या कडेने जमिनीला भोके पाडून बायफेन्थ्रिन भरून घेतले. चौकटीवरची मातीची नळी सुकली, पण गणपतीच्या सुमारास माजघरातल्या फडताळामागे नवी, ओलसर नळी दिसली. औषध भेसळीचे होते, की वाळवी त्याला सरावली? पुन्हा तेच भरावे का?

कीटकशास्त्र_शिक्षक

आपण सांगता त्यावरून भेसळीचा किंवा सरावल्याचा संशय घेण्याचे कारण मला दिसत नाही. बायफेन्थ्रिन हे पायरेथ्रॉइड गटातील औषध वाळवीला मारते तसेच दूरही ठेवते. कामकरी वाळवी औषध लागलेल्या मातीजवळ येताच पुढे उकरणे थांबवते आणि अनेकदा बोगद्याचे ते तोंड मातीने बुजवून टाकते. कामकऱ्यांना डोळे नसतात. मातीचा एकेक कण जबड्यात धरून ते मागे नेतात, लाळ व विष्ठेने बोगद्याच्या भिंती लिंपतात आणि पुढे फाटे फोडत जातात. एखाद्या फाट्याला लाकूड लागले, की त्या वाटेवर गंध सोडला जातो व बाकीचे कामकरी तिकडे वळतात. तुमच्या देवघराकडचे फाटे बंद झाले तरी बाकीचे चालूच राहिले. पाइप, वायर किंवा पायाची कड सापडली तर वाळवी तिला धरूनच पुढे सरकते, त्यामुळे फडताळाच्या मागे न्हाणीचा पाइप जात असेल तर तो आधी पाहावा. गळती असेल तर ती प्रथम बंद करावी, कारण मऊ अंगाच्या या किड्याला ओलावा सोडून जगता येत नाही.

बांधकाम_पर्यवेक्षक

वरील उत्तराशी मी सहमत आहे. खरी उणीव औषधात नसून जमिनीतला औषधाचा पट्टा अखंड नसण्यात आहे. बांधून झालेल्या इमारतींसाठी वाळवी-प्रतिबंधाच्या आयएस ६३१३ या भारतीय मानकाचा भाग ३ आहे. त्यानुसार फरशी व भिंतीच्या सांध्यात सुमारे ३०० मिमी अंतरावर १२ मिमीची भोके पाडून दर भोकात जास्तीत जास्त एक लिटर द्रावण सोडतात, आणि हे सर्व भिंतींना करावे लागते. जुन्या चिरेबंदी घरात एवढ्याने भागत नाही. चिऱ्यांमधल्या मातीच्या सांध्यांमध्ये पोकळ्या असतात आणि वाळवी भिंतीच्या पोटातूनच वर चढते, म्हणून जोत्याच्या पातळीवर सुमारे ४५ अंशांत खाली उतरणारी भोके, शक्यतो दोन्ही बाजूंनी, पाडून भिंतीतही द्रावण भरावे. चौकटीचे पाय जिथे जमिनीत रुतले आहेत ती जागा तर मुळीच सोडू नये.

माजघर_रत्नागिरी

मनःपूर्वक आभार. दुसरे एक पेस्ट कंट्रोलवाले फिप्रोनिल सुचवतात. ते म्हणतात की वाळवीला त्याचा सुगावा लागत नाही आणि एकमेकींमार्फत पसरून सगळे वारूळ मरते. हे खरे आहे का?

कीटकशास्त्र_शिक्षक

पहिला भाग खरा आहे. फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड वाळवीला जाणवत नाही, म्हणून ती त्यातून बोगदा काढते, औषध अंगाला लागते व मृत्यू उशिरा येतो. एकमेकींना चाटताना आणि तोंडातले अन्न देताना काही अंश दुसऱ्यांपर्यंत पोहोचतो. सगळे वारूळ मरते, हे मात्र मी मान्य करणार नाही. ज्यांना मोठी मात्रा लागते त्या फार दूर जाण्याआधीच मरतात, त्यांची प्रेते त्या पट्ट्यात साचतात आणि मागच्या वाळव्या ती वाट सोडून देतात. राणी अनेक मीटर दूर असेल तर तिला काहीच होत नाही. वसाहतच संपवायची असेल तर वाळवीचे कात टाकणे रोखणारे औषध घातलेली आमिषे असतात, पण त्यांना काही महिने लागतात आणि आपल्याकडच्या वारूळ बांधणाऱ्या, बुरशी जोपासणाऱ्या ओडोंटोटर्मिस जातींवर ती तेवढी लागू पडत नाहीत. तरीही तुमच्या घरासाठी मी फिप्रोनिलच निवडेन, कारण जुन्या पायात एखादी फट राहणारच, आणि दूर ठेवणारे औषध वाळवीला नेमके त्याच फटीकडे वळवते.

बांधकाम_पर्यवेक्षक

एक अत्यंत महत्त्वाची गोष्ट: परसात विहीर असेल तर काम सुरू होण्यापूर्वीच तिचे अंतर सांगा. जांभा सच्छिद्र असतो. विहिरीच्या बाजूच्या मातीत आणि भर पावसात औषध भरू देऊ नका.

माजघर_रत्नागिरी

विहीर न्हाणीच्या मागेच आहे. तोवर नळ्या खरवडून टाकू का?

कीटकशास्त्र_शिक्षक

सगळ्या खरवडू नका. बोटभर तुकडा तोडून ठेवा. एक-दोन दिवसांत तो ओल्या मातीने बुजला तर वाट चालू आहे, आणि भोके कुठे पाडायची हे त्यावरून ठरवता येईल. औषध भरल्यानंतरही हीच तपासणी काही आठवड्यांनी करा. विहिरीकडची बाजू मात्र औषधाविना ठेवून तिथले लाकूड जमिनीपासून वर उचलून घ्या.